बोटीच्या व्ही-८ इंजिनाला कॅमशाफ्ट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनाच्या झडपा कधी आणि किती उघडायच्या ते ठरवणारा दांडा. त्यावरचा प्रत्येक उंचवटा म्हणजे लोब. लोब टॅपेटला उचलते, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड रॉकर नावाच्या तरफेतून झडप उघडतो. इथली उत्तरं शेव्हरोलेच्या बिग ब्लॉक (मोठ्या आकाराच्या) पेट्रोल इंजिनांना धरून दिली आहेत: ४५४ घनइंच (७.४ लिटर) आणि ५०२ घनइंच (८.२ लिटर). अमेरिकेतल्या तळ्यांवर आणि किनाऱ्यांवर धावणाऱ्या असंख्य मर्क्रुझर स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, आणि पंखा फिरवणारं गिअरचं युनिट म्हणजे ड्राइव्ह मागे बाहेर) बोटींत हीच इंजिनं आहेत आणि कॅम बदलायची हौसही याच बोटींच्या मालकांना सर्वात जास्त असते. मापं इंचात दिली आहेत, कारण कॅम कार्ड (कॅमसोबत येणारा मापांचा कागद), स्प्रिंग, डायल गेज सगळं इंचातच येतं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

गाडीत उत्तम चालणारा कॅम बोटीत का फसतो?

पहिलं कारण लोड. गाडी हायवेवर लागली की इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. बोट प्लेनवर, म्हणजे वेगामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर, आली तरी तिला पाणी कापतच राहावं लागतं. थ्रॉटल सोडला की ती लगेच बसते. गाडीच्या भाषेत सांगायचं तर हा घाट कधी संपतच नाही, उतार येतच नाही. त्यामुळे इंजिनाला तासन् तास ३००० ते ४००० आरपीएमवर भरपूर टॉर्क लागतो. ६२०० आरपीएमला जोर धरणारा कॅम इथे जोर धरायच्या आधीच आडवा पडतो.

दुसरं कारण एग्झॉस्टमधलं पाणी. बोटीच्या एग्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी मुद्दाम पाणी सोडलेलं असतं. चुकीच्या कॅममुळे ते पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. यालाच रिव्हर्जन म्हणतात. पहिल्या चुकीत बोट हळू चालते, दुसऱ्या चुकीत इंजिन जातं.

मग निवड कुठून सुरू करायची?

पंख्यापासून, म्हणजे प्रॉपेलरपासून. इंजिनावरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलला किती आरपीएम अपेक्षित आहेत ते दिलेलं असतं. ४५४ मॅग्नम आणि ५०२ मॅग्नमसाठी ते साधारण ४६०० ते ५००० असतात. आधी आजची बोट, नेहमीचं वजन आणि अर्धी टाकी घेऊन पाण्यात उतरा आणि खरे आरपीएम लिहून घ्या. टॅकोमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुने टॅकोमीटर २०० आरपीएम सहज खोटं दाखवतात.

आता हे गणित लक्षात ठेवा. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. तोच पंखा ५००० ऐवजी ५५०० ला फिरवायचा तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३ पट ताकद लागते. उलट बाजूने पाहिलं तर कॅममुळे १० टक्के ताकद वाढली, तरी त्याच पंख्यावर आरपीएम फक्त ३ टक्क्यांच्या आसपास चढतात: ५००० चे सुमारे ५१५०. ज्या कॅमची पूर्ण ताकद ५८०० ला येते, तो या बोटीत तिथवर कधी पोहोचणारच नाही. पंख्याचा पिच (न घसरता तो एका फेरीत जितका पुढे सरकेल ते अंतर) कमी करून आरपीएम वाढवता येतात (दर इंचामागे १५० ते २००), पण मग प्रत्येक फेरीत बोट कमी पुढे सरकते आणि झडप उघडझाप करणारे सगळे भाग जास्त झिजतात.

वेगाचं सूत्रही हाताशी ठेवा: आरपीएम × पिच ÷ (गिअर रेशो × १०५६) = मैल प्रतितास. ५००० आरपीएम, २३ इंच पिच आणि १.५ रेशो धरला तर उत्तर ७२.६ येतं. त्यातून १२ टक्के स्लिप (पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा भाग) वजा केली की सुमारे ६४ उरतात. जीपीएसचा वेग यापेक्षा फारच कमी असेल, तर कॅमच्या आधी पंखा, ड्राइव्हची उंची आणि हुलच्या तळाला चिकटलेलं शेवाळ बघा.

रिव्हर्जन म्हणजे नेमकं काय होतं?

एग्झॉस्ट झडप बंद व्हायच्या आत इनटेक झडप उघडते. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. इंजिन स्लो असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो आणि एग्झॉस्टमध्ये साधारण बाहेरच्या हवेइतका दाब. दोन्ही दारं उघडी राहिली की हवा कमी दाबाकडे धावते, म्हणजे जळालेला वायू एग्झॉस्टमधून परत सिलिंडरकडे. गाडीत यामुळे फक्त आयडल अडखळतं. बोटीत त्या वायूबरोबर पाण्याचे थेंबही येतात.

थेंब किती वर चढतात हे ओव्हरलॅपवर जितकं अवलंबून असतं, तितकंच एग्झॉस्टमध्ये पाणी कुठे मिसळतं यावरही असतं. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डवर आखूड एल्बो (जिथे पाणी मिसळतं तो वाकडा तुकडा) असेल तर पाणी एग्झॉस्ट पोर्टपासून फार दूर नसतं. मधे ३ किंवा ६ इंचाचे रायझर (उंची वाढवणारे तुकडे) घातले की पाण्याला तेवढं अंतर जास्त चढावं लागतं. ड्राय हेडर आणि ड्राय टेलपाइपमध्ये पाणी बाहेरच्या कवचातून जातं आणि अगदी शेवटी, ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या भिंतीजवळ) मिसळतं. तिथे मोठा कॅम खपतो.

खुणा ओळखायला शिका. एखाद-दोन सिलिंडरच्या प्लगवर तांबूस गंज दिसतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ होतं. एग्झॉस्ट पोर्टच्या आत पाण्याचे ओघळ सुकलेले दिसतात आणि खाऱ्या पाण्यातल्या बोटीत ते मिठामुळे पांढरे असतात. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी स्टार्टर पहिल्या फेरीत अडकत असेल, तर लगेच थांबा आणि सगळे प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवा कॅम बसवल्यावर (फ्लॅट टॅपेट असेल तर खाली दिलेलं ब्रेक-इन पुरं झाल्यावरच) २० मिनिटं आयडलवर चालवा, थंड होऊ द्या, मग एल्बो उतरवून आत टॉर्च मारा. पाण्याची रेघ मॅनिफोल्डच्या तोंडापर्यंत आली असेल, तर हा कॅम या एग्झॉस्टला झेपत नाही. ही तपासणी कंटाळवाणी आहे, दोन्ही बाजूंची गॅस्केट पुन्हा घालावी लागतात, तरीही टाळू नका. गॅस्केटचा खर्च पिस्टन-रिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

कॅम कार्डावरच्या कोणत्या आकड्यांकडे बघायचं?

जाहिरातीतलं ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांपर्यंत झडप उघडी राहते तो आकडा) बाजूला ठेवा, कारण ते प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणाहून मोजते. टॅपेट ५० थाऊ उचलला गेल्यापासून मोजलेलं ड्युरेशन धरा. त्याबरोबर लोब सेपरेशन अँगल (इनटेक आणि एग्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन) घ्या आणि ओव्हरलॅप स्वतः काढा: इनटेक आणि एग्झॉस्टच्या ड्युरेशनची बेरीज ÷ ४, त्यातून लोब सेपरेशन वजा, उत्तर × २.

कार्डावर इनटेक/एग्झॉस्ट २२४/२३२ आणि लोब सेपरेशन ११२ असेल, तर बेरीज ४५६, भागिले ४ म्हणजे ११४, वजा ११२ म्हणजे २, दुप्पट ४ अंश. त्याच लोब ११४ वर घासून घेतल्या तर ओव्हरलॅप शून्य. २३६/२४४ ला ११२ वर १६ अंश येतो, ११४ वर १२.

झडपेची लिफ्ट (ती किती उघडते ते) म्हणजे लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचा रेशो. बिग ब्लॉकचा मूळ रॉकर १.७ असतो, म्हणून ३४० थाऊची लोब झडपेला ५७८ थाऊ उघडते. स्मॉल ब्लॉकचा रॉकर १.५ असतो, त्या कॅटलॉगमधले आकडे इकडे लावू नका.

ठीक, पण माझ्या इंजिनाला किती मोठा कॅम?

हे आडाखे पंप-पेट्रोलवर चालणाऱ्या, सुपरचार्जर नसलेल्या ४५४ साठी आहेत.

मूळ बिडाचे मॅनिफोल्ड आणि आखूड एल्बो असतील तर ५० थाऊवर इनटेक २१८ ते २२४, एग्झॉस्ट ६ ते ८ अंश जास्त, लोब सेपरेशन ११२ ते ११४, ओव्हरलॅप ५ अंशांच्या आत. कुटुंबाला घेऊन फिरणाऱ्या, मागे स्कीअर ओढणाऱ्या बोटीला याच्या पुढे जायची गरज नाही.

उंच रायझर किंवा चांगले ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड असतील तर इनटेक २२४ ते २३२, ओव्हरलॅप १० अंशांपर्यंत. ड्राय हेडर असतील तर २३६ आणि वर, पण मग हेड, कार्बोरेटर, पंखा आणि ड्राइव्ह हे सगळं त्या तोडीचं हवं.

५०२ मध्ये तोच कॅम लहान भासतो, कारण भरायला ४८ घनइंच जास्त असतात. वरच्या आकड्यांत ४ ते ६ अंश वाढवले तरी आयडल तेवढंच शांत राहतं. दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्या. मोठ्या कॅमची खंत प्रत्येक आयडलला जाणवते, धक्क्याला लागताना तर फारच.

एग्झॉस्टचं ड्युरेशन जास्त का ठेवायचं?

बोटीचा एग्झॉस्ट पाण्यामुळे आणि वळणांमुळे घुसमटलेला असतो, आणि बिग ब्लॉक हेडमध्ये एग्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या मानाने कमकुवत असतो. झडप थोडी जास्त वेळ उघडी राहिली तर वायू बाहेर पडायला अवधी मिळतो. ड्राय हेडरला हा फरक कमी चालतो.

लोब सेपरेशन १०८ घेतलं तर टॉर्क वाढतो ना?

ड्रॅग रेसच्या गाडीत वाढतो. ओल्या एग्झॉस्टच्या बोटीत १०८ म्हणजे पाण्याला आमंत्रण. ११० सुद्धा फक्त लहान ड्युरेशनबरोबरच.

फ्लॅट टॅपेट ठेवायचा की रोलर?

फ्लॅट टॅपेटचा तळ लोबवर घासत चालतो, रोलरला तिथे चाक असतं. आधी ब्लॉक कोणत्या पिढीचा आहे ते बघा. १९६५ ते १९९० चा मार्क फोर, १९९१ ते १९९५ चा जनरेशन फाइव्ह, १९९६ पासूनचा जनरेशन सिक्स. मार्क फोरचं मागचं क्रँक सील दोन तुकड्यांचं असतं, पुढच्या दोन्हींचं एकसंध.

जनरेशन सिक्समध्ये हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने ढिलाई आपोआप भरून काढणाऱ्या) रोलरची सोय कारखान्यातूनच आहे. टॅपेट फिरू नयेत म्हणून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आहेत आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट प्लेट आहे. इथे रोलरच घाला. टॅपेटच्या चाकांना खड्डे नसतील आणि बेअरिंग गुळगुळीत फिरत असेल, तर जुने टॅपेट नव्या कॅमवर पुन्हा चालतात.

मार्क फोरमध्ये रोलर घालता येतो, पण जोडपट्टीचे रेट्रोफिट टॅपेट, वेगळ्या लांबीचे पुशरॉड आणि पुढच्या टोकाला थ्रस्ट बटन लागतं. फ्लॅट टॅपेटच्या लोबला किंचित उतार घासलेला असतो, त्यामुळे कॅम आपोआप मागे दाबला जातो. रोलर कॅमला हा उतार नसतो, तो पुढे-मागे हलतो. म्हणून पुढे-मागे हलण्याची जागा ५ ते १० थाऊ इतकीच ठेवायची, आणि बटनाच्या दाबाने पत्र्याचं टायमिंग कव्हर वाकत नाही ना ते बघायचं. कव्हर वाकलं की कॅम सरकतो, आणि कॅम सरकला की इग्निशनचं टायमिंग भटकतं.

जनरेशन फाइव्हचा त्रास वेगळा. मूळ रॉकर आवळून बसवायचे असतात, ॲडजस्ट करता येत नाहीत. नव्या कॅमचा बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) जरा वेगळा असला की टॅपेटचा प्रीलोड (तो आधीच किती दाबलेला आहे ते) बिघडतो. ॲडजस्ट होणारे स्टड, गाइड प्लेट आणि मोजून घेतलेले पुशरॉड या तिन्ही गोष्टी लागतील असं धरूनच हिशेब करा.

आमचं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर रोलर. लोब जास्त उभी घासता येते, त्यामुळे तेवढ्याच ओव्हरलॅपमध्ये झडप जास्त वेळ पूर्ण उघडी राहते, आणि ओल्या एग्झॉस्टच्या इंजिनाला नेमकं हेच हवं असतं. शिवाय आजच्या ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस पूर्वीइतके नसल्याने फ्लॅट टॅपेटच्या लोब उडण्याचा धोका रोलरला नाही.

फ्लॅट टॅपेटच घालणार असेन तर ब्रेक-इन (नवे भाग एकमेकांवर घासून बसवणं) कसं करायचं?

नवा कॅम असेल तर टॅपेटही सोळाच्या सोळा नवे. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट, क्रँककेसमध्ये जास्त जस्ताचं ब्रेक-इन ऑइल. दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या जागी रॉड घालून ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा, सोळाही रॉकरमधून ऑइल येईपर्यंत. कार्बोरेटरची वाटी पेट्रोलने भरून ठेवा आणि टायमिंग जवळपास लावून ठेवा, म्हणजे स्टार्टर घरघरत बसणार नाही. सुरू झालं की थेट २००० आरपीएमच्या वर न्या आणि २००० ते २५०० च्या दरम्यान खालीवर करत २० ते ३० मिनिटं चालवा. आयडलवर आणू नका, कारण लोबवर ऑइल क्रँकच्या शिंतोड्यांतून येतं आणि आयडलला ते पुरत नाही.

बोटीत इथेच घोळ होतो. बागेच्या नळीतून येणारं पाणी २००० आरपीएमला समुद्री पंपाला पुरत नाही. पंप नळी शोषून चपटी करतो आणि रबरी इम्पेलर कोरडा फिरून मिनिटभरात जळतो. मग इंजिन तापलं म्हणून बंद करावं लागतं आणि ब्रेक-इन अर्धवट राहतं. बोट पाण्यात घट्ट बांधून न्यूट्रलमध्ये चालवा, किंवा २०० लिटरचा ड्रम सतत भरता ठेवून त्यातून जाड नळीने पंपाला पाणी द्या.

डिस्ट्रिब्युटरचा गिअर बदलावा लागतो का?

डिस्ट्रिब्युटर कॅमवरच्या गिअरने फिरतो. रोलर कॅम पोलादी बिलेटचा (अखंड तुकड्यातून घडवलेला) असेल तर मूळ बिडाचा गिअर काही तासांत कुरतडला जातो आणि त्याचा चुरा थेट ऑइलमध्ये पडतो. काही कॅमवर बिडाचा गिअर दाबून बसवलेला असतो, त्यावर मूळ गिअर चालतो. नाहीतर मेलोनाइझ केलेला (पृष्ठभाग प्रक्रियेने कडक केलेला) पोलादी गिअर घ्या. ब्राँझचा गिअर चालतो, पण तो मुद्दामच मऊ असतो आणि झिजत राहतो. शंभर-शंभर तास चालणाऱ्या बोटीला तो आम्ही सुचवत नाही.

व्हॉल्व्ह स्प्रिंग जुन्याच ठेवल्या तर?

ठेवू नका. बोट लाटेवरून उडाली की पंखा हवेत येतो आणि आरपीएम क्षणात वर जातात. थकलेली स्प्रिंग त्या क्षणी झडप सावरू शकत नाही. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटला बैठकीवर सुमारे ११० ते १२० पौंड, हायड्रॉलिक रोलरला १३० ते १५० पौंड आणि पूर्ण उघडल्यावर ३५० ते ४०० पौंड असा दाब सर्वसाधारण असतो. कॅम बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

मोजणी अशी. बसवलेली उंची १.८८० इंच आणि लिफ्ट ०.५८० असेल तर उघडल्यावर १.३०० उरतात. स्प्रिंग १.२२० ला पूर्ण दाबली जात असेल तर ८० थाऊ शिल्लक. किमान ६० हवेत. रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही ५० ते ६० थाऊ अंतर हवं. जास्त लिफ्टचे कॅम बहुतेकदा इथेच अडतात, कारण सील फुटून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू लागतं. सोबत रेव्ह लिमिटर लावा, ठरवलेल्या कमाल आरपीएमच्या २०० ते ३०० वर.

एग्झॉस्ट झडपा ट्रकच्या हेडमधल्या असतील आणि त्यावर रोटेटर (झडप फिरवणारे भाग) असतील तर काढून टाका. सतत फुल थ्रॉटल मारणाऱ्या बोटीला एग्झॉस्टसाठी इन्कोनेल (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या) झडपा घेणं पैसे वसूल करणारं आहे.

झडप पिस्टनला लागणार नाही हे कसं बघायचं?

मातीने. पिस्टनच्या डोक्यावरचे झडपांचे कोरीव खड्डे पुसून त्यावर बोटभर जाडीची मॉडेलिंग क्ले थापा आणि वर ऑइलचा हात फिरवा, म्हणजे झडपेला चिकटणार नाही. हेड गॅस्केटसह बसवा. हायड्रॉलिक टॅपेट दाबला जातो आणि खोटं माप देतो, म्हणून तपासणीपुरता सॉलिड टॅपेट आणि हलकी स्प्रिंग वापरा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. जरा जरी अडलं तरी जोर लावू नका. हेड काढा, माती ब्लेडने उभी कापा आणि सर्वात पातळ जागा व्हर्नियरने मोजा. इनटेकला ८० थाऊ (२ मिमी), एग्झॉस्टला १०० थाऊ (२.५ मिमी) यापेक्षा कमी नको. एग्झॉस्टला जास्त, कारण ती झडप तापून लांबते आणि पिस्टन तिच्या मागे धावत येत असतो.

पुशरॉडची लांबीही याच वेळी ठरवा. झडपेच्या टोकावर मार्करची शाई लावा, इंजिन फिरवा आणि रॉकरने घासलेला पट्टा बघा. तो अरुंद आणि टोकाच्या मधोमध हवा. मार्क फोरचे मूळ पुशरॉड इनटेकला सुमारे ८.२८ आणि एग्झॉस्टला ९.२५ इंच असतात. दोन्ही वेगळे मोजा.

फक्त १.८ चे रॉकर लावले तर?

३४० थाऊच्या लोबवर लिफ्ट ५७८ वरून ६१२ होते, ओव्हरलॅप जवळपास तेवढाच राहतो. मूळ कॅमवर चांगली सुधारणा आहे. स्प्रिंगची आणि सीलची मापं मात्र पुन्हा घ्यावीच लागतात.

खुणेला खूण जुळवून कॅम बसवला, डिग्री (कॅमचं खरं टायमिंग मोजून बघणं) करायलाच हवं का?

हवं. चेन, गिअर, डॉवेल पिन सगळ्यांत थोडी थोडी चूक असते आणि ती एकाच बाजूला साठली तर चार अंश सहज हरवतात.

डिग्री चकती क्रँकवर बसवा. एक नंबरच्या पिस्टनवर स्टॉप लावा. इंजिन एका दिशेने टेकेपर्यंत फिरवा, आकडा वाचा. उलट दिशेने टेकवा, आकडा वाचा. २८ आणि ३२ आले तर बेरीज ६०, निम्मे ३०, म्हणून दोन्हीकडे ३० येईपर्यंत काटा २ अंश सरकवा. आता शून्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सर्वात वर असण्याची जागा). स्टॉप काढा. एक नंबरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज लावा, पूर्ण लिफ्टला शून्य करा. पूर्ण लिफ्टच्या ५० थाऊ आधीचा आणि ५० थाऊ नंतरचा अंश लिहा. ५८ आणि १५८ आले तर मध्य १०८: हीच इनटेक सेंटरलाइन. क्रँक नेहमी इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवत आकड्यावर या. पुढे गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा या, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात शिरतो.

कार्डापेक्षा कॅम मागे पडला असेल तर तळाचा टॉर्क जातो, आणि जड बोट प्लेनवर यायला कुरकुरते. क्रँक गिअरवर वेगवेगळ्या खाचा असलेली दुहेरी रोलर चेन घेतली तर हे जागेवर दुरुस्त होतं. कॅम गिअरचे तीन बोल्ट २० फूट-पौंड, थ्रेडलॉक लावून.

कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचं काय?

मोठ्या ड्युरेशनचा कॅम इनटेक झडप उशिरा बंद करतो, त्यामुळे कमी आरपीएमला दाब घटतो. म्हणून ८ च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात मोठा कॅम मेल्यासारखा वागतो. बिडाच्या हेडला ९ ते ९.२५ ही पंप-पेट्रोलवरची समंजस मर्यादा. गाडीत क्षणभर होणारं नॉकिंग इथे अर्धा तास चालू राहतं आणि एग्झॉस्टच्या आवाजात ऐकूही येत नाही. एकूण टायमिंग ३२ अंशांच्या आसपास ठेवा.

अमेरिकेत पंपावर लिहिलेला ८७ हा ऑक्टेनचा आकडा वेगळ्या पद्धतीचा आहे. तो भारतातल्या ९१ रॉनच्या जवळ येतो. मुंबई-गोव्याकडे असं इंजिन असलेल्यांनी एक जास्तीची गोष्ट पाहावी: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर अमेरिकेत बोटींना १० टक्क्यांच्या वर परवानगीच नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम मऊ करतं. दमट हवेतून पाणी ओढतं आणि ते टाकीच्या तळाला साचतं. शिवाय मिश्रण पातळ होतं: शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. होली कार्बोरेटरमध्ये साधारण दोन नंबर मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) घालून सुरुवात करा आणि प्लगच्या रंगावरून मिश्रण पारखा. पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच. वाइडबँड सेन्सर (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लावायचा तर एग्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याच्या आधी. एका थेंबाने तो तडकतो.

इंजेक्शनच्या इंजिनात कॅम बदलला तर कॉम्प्युटर सांभाळून घेईल?

नाही. मर्क्रुझरच्या एमपीआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनात हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या दाबावरून घेतला जातो. ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्यूम घटतो, कॉम्प्युटरला वाटतं लोड आला, आणि तो जास्त पेट्रोल ओततो. प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. नव्या कॅमप्रमाणे प्रोग्रॅम करून घेण्याचा खर्च आधीच धरा. २०१० पासूनच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या इंजिनांना हात लावू नका.

दोन इंजिनांची बोट आहे. दोन्हीला एकच कॅम?

स्टर्नड्राइव्ह मर्क्रुझरचा ब्राव्हो असेल तर पंख्याची उलटी दिशा ड्राइव्हमध्येच मिळते आणि दोन्ही इंजिनं सारखी असतात. जुन्या शाफ्टच्या बोटींत मात्र एक इंजिन खरोखर उलटं फिरतं. त्याचा फायरिंग ऑर्डर १-२-७-५-६-३-४-८ असतो, नेहमीचा १-८-४-३-६-५-७-२. त्याला वेगळा कॅम लागतो, आणि चेनऐवजी दोन गिअर आहेत का हे कव्हर उघडून खात्री करूनच ऑर्डर द्या, कारण त्यावर कॅमची फिरण्याची दिशा ठरते. स्टार्टर आणि मागचं सीलही वेगळं असतं.

गाडीचे सुटे भाग स्वस्त पडतात. चालतील?

कॅम, टॅपेट, पुशरॉड, चेन चालतात. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर, पेट्रोल पंप अजिबात नाही. गाडीखालून पेट्रोलची वाफ उडून जाते. बोटीच्या बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) ती साचते, कारण ती हवेपेक्षा जड असते. मरीन भागांत ठिणगी बाहेर पडत नाही, मरीन कार्बोरेटर उसळलेलं पेट्रोल आतच सोडतो, बाहेर सांडत नाही. वर फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी) हवाच. एक ठिणगी आणि बोट माणसांसकट पेटते. सुरू करण्यापूर्वी ब्लोअर चार मिनिटं चालवा आणि झाकण उघडून वास घ्या. हेड गॅस्केटही मरीनचंच घ्या, खाऱ्या पाण्यात गाडीच्या गॅस्केटची पत्र्याची कड गळते.

मोठ्या कॅममुळे ड्राइव्हला धोका आहे का?

दोन बाजूंनी. अल्फा वन ड्राइव्ह ३०० हॉर्सपॉवरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. बिग ब्लॉकला ब्राव्हो हवा. दुसरं म्हणजे आयडल. कॅम ९०० आरपीएमखाली टिकत नसेल तर प्रत्येक वेळी गिअर टाकताना ड्राइव्हला हातोडा बसतो. ६५० ते ७०० ला शांत चालणारा कॅम घ्या, धक्क्याला लागताना बोट आटोक्यात राहते.

थर्मोस्टॅट बदलायचा का?

थेट समुद्राचं पाणी फिरत असेल तर १४३ फॅरनहाइटचाच (६२ सेल्सिअस) ठेवा. त्याहून गरम ठेवलं की मीठ खडा होऊन वाहिन्यांत बसतं. हीट एक्स्चेंजर असेल तर १६०.

आउटबोर्ड किंवा ट्रॉलरच्या डिझेलला असाच कॅम मिळेल का?

टू-स्ट्रोक आउटबोर्डला कॅमशाफ्टच नसतो. फोर-स्ट्रोकला असतो, पण त्याची सगळी जुळणी कारखान्यात पक्की केलेली असते. तिथे पंखा बदलून जास्त फायदा होतो. कोकणातल्या मासेमारी ट्रॉलरच्या डिझेलला दिवसभर एका आरपीएमवर ओढायचं असतं. त्याचा मूळ कॅम त्यासाठीच घासलेला आहे.

सगळं बसवून झालं. पुढे काय तपासायचं?

पहिल्या तासानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. बारीक राखाडी पूड चालते, चकाकणारे कण दिसले तर कॅम उडतोय. १० तासांनी हायड्रॉलिक टॅपेटचा प्रीलोड पुन्हा लावा: झडप बंद असताना पुशरॉडचा प्ले (ढिलाई) संपला की रॉकरचा नट आणखी अर्धी फेरी आवळा. बिग ब्लॉकच्या ७/१६ स्टडवर एक फेरी ५० थाऊ असते, म्हणून ही २५. त्याच वेळी सगळे प्लग काढून गंज बघा आणि एग्झॉस्टचे बोल्ट आवळा. १०० तासांनी किंवा हंगाम संपताना हेडवर हाताच्या टेस्टरने स्प्रिंगचा दाब मोजा. बैठकीवरचा दाब सुरुवातीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटलेली स्प्रिंग सापडली तर सोळाही बदला. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीचे रायझर दर हंगामात उतरवून आतून बघा. गंजून पातळ झालेल्या रायझरमधून कितीही लहान कॅम असला तरी पाणी सिलिंडरमध्ये येतं.